अंगणातली विटांची आगटी

मोकळ्या आकाशाखाली विस्तव एका जागी आवरून धरण्यासाठी विटांचे जे बुटके कडे बांधतात, ती विटांची आगटी. तिला छप्पर नसते, धुराडे नसते आणि चुलीसारखे एका बाजूला तोंडही नसते. चहूबाजूंनी माणसे तिच्याभोवती बसू शकतात. बांधकाम म्हणून ती अगदी लहान आहे. सव्वाशेच्या आसपास विटा, पाव ब्रास खडी-मुरूम आणि एका गवंड्याचे दोन-तीन दिवस, एवढ्यात ती उभी राहते. काम लहान म्हणूनच ते बहुधा हलगर्जीपणाने होते. विटा गोल रचल्या, सिमेंटच्या मालाने सांधल्या, आत लाकडे पेटवली की झाले, असा समज असतो. अशी आगटी पहिला हिवाळा काढते. पावसाळा उलटला की तिच्या दरजा उघड्या पडतात आणि पुढच्या हिवाळ्यात आतल्या विटांचे पापुद्रे सुटू लागतात. दोष विस्तवावर येतो, पण खरे कारण वेगळे असते. चांगली वीट भट्टीत ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत भाजून निघालेली असते. अंगणातल्या विस्तवाने ती एवढी क्वचितच तापते. आगटी बिघडते ती मुरलेल्या पाण्यामुळे आणि आतल्या-बाहेरच्या विटा कमी-जास्त फुगल्यामुळे. तिच्या बांधणीचा विचार म्हणूनच जमिनीखालून, पाण्याच्या निचऱ्यापासून सुरू करावा लागतो.

महाराष्ट्राला उघड्यावरचा विस्तव नवा नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन मातीच्या घरांबरोबर त्यांच्या चुलीही सापडल्या. ज्वारीच्या पट्ट्यात आजही हुरड्याच्या दिवसांत शेतात खड्डा घेऊन गोवऱ्यांचा आर करतात आणि कोवळी कणसे त्या गरम राखेत भाजतात. रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात, पेटत्या पाचोळ्याखाली शिजते. निफाड परिसरात पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात आणि घडांवरचे गारठ्याचे संकट टाळण्याचा प्रयत्न होतो. हे सगळे विस्तव त्या रात्रीपुरते असतात. सकाळी राख उरते आणि खड्डा बुजतो. घराच्या अंगणात वर्षानुवर्षे एकाच जागी शेकोटी करायची झाली, की मात्र जमीन, फरशी, भिंत, झाडे आणि शेजार या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो.

पहिला हिशेब जागेचा. घराची भिंत, लाकडी खांब, कुंपण, गवत किंवा झावळ्यांचे छप्पर आणि वाळत घातलेले कपडे यांपासून आगटीचे अंतर निदान ३ मीटर हवे. डोक्यावर फांद्या, वीजतारा किंवा कापडी मांडव नसावा. स्वयंपाकघराचा गॅस सिलिंडर ज्या बाजूला ठेवलेला असतो ती बाजू टाळावी. हिवाळ्यात महाराष्ट्रात वारा बराचसा ईशान्य-पूर्वेकडून येतो आणि किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे घराच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला आगटी असली, तर धूर बहुतेक रात्री घरापासून दूर जातो. दोन्ही बाजूंनी उंच भिंती असलेल्या चिंचोळ्या अंगणात धूर कोंडतो. तिथे आगटी बांधूच नये. बंद किंवा अर्धवट बंद जागेत निखाऱ्यांतून सुटणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो.

गच्चीवर आगटी बांधण्याचा मोह शहरांत फार होतो. वर्णन पुढे येणार आहे त्या आगटीचे वजन नुसत्या विटांचे धरले तरी ४०० किलोच्या पुढे जाते आणि तिच्याखाली जागा असते सुमारे १.४ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ ३०० किलो. वावरासाठी खुल्या गच्चीचा हिशेब भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भाराचा धरलेला असतो. त्यातच गच्चीच्या कोब्याखालचा जलरोधक थर उष्णतेने तडकला, की पुढच्या पावसात खालच्या घरात गळती सुरू होते. विटांची आगटी ही जमिनीवरचीच वस्तू आहे. गच्चीवर फार तर पाय असलेली लोखंडी शेगडी ठेवावी.

फरसबंद अंगणातही फरशी तशीच ठेवून तिच्यावर विटा चढवणे चुकीचे आहे. शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडकाच्या असतात. वरचेवर तापल्या की त्यांचे थर सुटतात. सिरॅमिकच्या लाद्या तर पहिल्याच मोठ्या विस्तवाला फुटतात. आगटीच्या जागेवरची फरशी काढून खालची जमीन उघडी करावी आणि पाया तिथे भरावा.

पायाची खोली मातीवर ठरते. मुरमाड किंवा कातळी जमिनीत वीतभर खोदले तरी चालते. देशावरची काळी माती मात्र अवघड. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि वरचे हलके बांधकाम ती दरवर्षी थोडे उचलते, थोडे खाली सोडते. अशा जमिनीत किमान ४५ सेंटिमीटर खोल खोदून काळी माती पूर्ण बाहेर काढावी आणि खड्डा मुरमाने भरावा. मुरूम एकदम ओतून चालत नाही. वीतभराहून कमी जाडीचे थर टाकून प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस मारली, तरच तो बसतो. खड्ड्याचा व्यास आगटीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा चहूबाजूंनी वीतभर जास्त असावा.

मुरमावर काँक्रीट घालताना बहुतेकांची चूक होते. संपूर्ण तळावर काँक्रीटची थाळी ओतली, की पावसाचे पाणी आगटीत साठून राहते. राखेत मिसळलेले ते पाणी क्षारयुक्त होऊन दरजांमधला माल खाते, आणि विस्तवाखालचे काँक्रीट स्वतःही टिकत नाही. काँक्रीट फक्त भिंतीखाली, कड्याच्या आकाराच्या पट्ट्यात घालावे. १० सेंटिमीटर जाडी आणि ३० सेंटिमीटर रुंदी पुरते. मधला भाग मोकळा ठेवून त्यात खाली मोठी खडी, वर बारीक खडी आणि सर्वांत वर वाळूचा थर द्यावा. या वाळूवर तळाच्या विटा मालाशिवाय, नुसत्या शेजारी-शेजारी बसवतात. पाणी त्यांच्या फटींतून खाली झिरपते आणि तापल्यावर फुगायला त्यांना जागाही मिळते. कोकणात, महाबळेश्वरात किंवा मावळात, जिथे पावसाचा जोर फार, तिथे खडीच्या थरातून उताराकडे एक पाइप काढून द्यावा.

भोवती नदीतले गोटे रचलेली आगटी दिसायला सुंदर असते, पण ती धोक्याची आहे. गोट्यांच्या बारीक भेगांत पाणी मुरलेले असते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट वाढते. तिला वाट मिळाली नाही तर दगड फुटून कपच्या उडतात. सह्याद्रीचा काळा पाषाण पुष्कळदा सच्छिद्र असतो आणि त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी, पाणी धरून ठेवणारी खनिजे आढळतात. कोकणातला जांभा बाहेरच्या भिंतीला उत्तम, मात्र तोही पाणी फार पितो. ज्वाळेच्या बाजूला यांपैकी एकही दगड नको.

विटेच्या निवडीत घाई करू नये. बाजारात आज तीन-चार प्रकारच्या विटा मिळतात आणि त्यांतली एकच ज्वाळेसमोर वर्षानुवर्षे टिकते. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी यांसारख्या औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात फ्लाय ॲशची राखाडी वीट सहज मिळते. घराच्या भिंतीला ती चांगली आहे, पण भट्टीत भाजलेली नसते. सिमेंट किंवा चुन्याने आवळलेली असते. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटमधल्या घट्ट घटकांतले पाणी निघून जाते आणि पकड सुटते. हलक्या पांढऱ्या एएसी ब्लॉकचीही हीच गत. साधी लाल भाजकी वीट बाहेरच्या कड्यासाठी योग्य. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या असता खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये, मोडलेल्या विटेचा गाभा काळपट-कच्चा दिसू नये. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवलेल्या विटेचे वजन एक पंचमांशापेक्षा जास्त वाढले तर ती वीट परत करावी; भारतीय मानकातही नेहमीच्या विटांसाठी २० टक्क्यांची हीच मर्यादा आहे.

आतल्या कड्यासाठी फायर ब्रिक घ्यावी. ही पिवळसर, जड वीट अग्निमृत्तिकेची (फायर क्लेची) असते, साध्या विटेपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला भाजलेली असते आणि ॲल्युमिनाचे प्रमाण जास्त असल्याने पुन्हा पुन्हा तापून निवणे सहन करते. तिचे नेहमीचे माप २३० × ११५ × ७५ मिलिमीटर आणि वजन ४ किलोच्या आसपास. भट्ट्या, फाउंड्री आणि बॉयलर यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. तिची किंमत साध्या विटेच्या कित्येक पट असते, हे खरे. पण अशा विटा लागतात जेमतेम तीन डझन, आणि त्यांच्यावर वाचवलेले पैसे दोन-तीन वर्षांत दुरुस्तीवर जातात.

मालाचा नियम विटेसारखाच: आत एक, बाहेर दुसरा. बाहेरच्या कड्याला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू पुरे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळाला तर चुन्याचा माल घालावा. तो थोडा लवचीक राहतो. आतल्या कड्याला फायर क्लेचा पातळ माल वापरतात आणि दरज ३ मिलिमीटरपेक्षा जाड ठेवत नाहीत. सिमेंटचा माल आत वापरला तर तो लवकरच भुगा होऊन गळतो.

आता आकार. आतला व्यास ९० सेंटिमीटर असला तर सहा-आठ माणसे आरामात शेकतात. व्यास वाढवला की लाकूड भराभर लागते आणि माणसे विस्तवापासून लांब जातात. उंची ३५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. याचे कारण उष्णतेच्या चालीत आहे. विस्तवावरची तापलेली हवा सरळ वर निघून जाते. भोवती बसलेल्यांना ऊब मिळते ती ज्वाळा आणि निखारे यांच्या प्रारणाने, आणि प्रारण सरळ रेषेत जाते. भिंत गुडघ्याच्या वर गेली की निखारे तिच्याआड जातात. तोंड भाजते आणि पाय गारच राहतात. जमिनीत खोल गेलेल्या आगटीचा दोष हाच, शिवाय तिच्यात पाणी साचते ते वेगळे.

गोल कड्यासाठी मध्यभागी एक खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखतात. आतल्या कड्याच्या फायर ब्रिक उभ्या, ११५ मिलिमीटरची बाजू विस्तवाकडे करून लावाव्यात. अशा २४ विटा, ३ मिलिमीटरची दरज धरून, बरोबर ९० सेंटिमीटरचे वर्तुळ पुरे करतात. त्यांच्यावर अर्ध्या कापलेल्या विटांची दुसरी रांग, म्हणजे आणखी १२ विटा. बाहेरचे कडे अख्ख्या विटांनी घेतले तर वर्तुळाऐवजी ओबडधोबड बहुकोन होतो आणि बाहेरच्या दरजा सहा-सात सेंटिमीटर रुंद पडतात. त्याऐवजी अद्धे, म्हणजे अर्ध्या विटा, वापरावेत. एका थराला २८ अद्धे लागतात, बाहेरची दरज तीन-साडेतीन सेंटिमीटरवर येते आणि ती विटेच्या चिपा घालून नीट भरता येते. असे चार थर, म्हणजे ५६ विटा. प्रत्येक थराचे उभे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. सांधामोडीचा हा नियम अग्नीसाठी रचलेल्या विटांइतकाच जुना आहे. यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत वर्णिलेली श्येनचिती, म्हणजे ससाण्याच्या आकाराची वेदी, पाच थरांची आणि दर थराला २०० विटांची असते. एकाआड एक थरांची मांडणी बदललेली असते, कारण एका थराची फट दुसऱ्या थराच्या फटीवर येणे त्या शास्त्रात वर्ज्य आहे. प्रत्येक थरानंतर पाणसळ लावावी आणि खुंटीच्या दोरीने त्रिज्या तपासावी. पहिला थर चुकला तर वरचे तिन्ही चुकतात.

दोन्ही कड्यांच्या मध्ये २५ मिलिमीटरची पोकळी सोडणे हे या बांधणीचे मर्म आहे. आतल्या कड्याचा परीघ सुमारे २.८ मीटर. तो ५०० अंशांनी तापला तर ७-८ मिलिमीटरने वाढतो. बाहेरचे कडे तेव्हा जेमतेम कोमट झालेले असते. दोन्ही कडी एकमेकांना चिकटवलेली असतील तर आतले कडे फुगताना बाहेरच्याला ताणते. वीटकाम दाब भरपूर सोसते, ताण जवळजवळ मुळीच नाही; त्यामुळे बाहेरच्या बाजूने उभी चीर जाते. ही चीर पाहून गवंडी माल अधिक कडक करतो आणि दुखणे वाढते. पोकळी ठेवली की दोन्ही कडी आपापल्या परीने फुगतात आणि निवतात. काम चालू असताना तिच्यात माल किंवा चिपा पडू देऊ नयेत. आतले कडे बाहेरच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर ठेंगणे ठेवावे. माथ्यावरच्या विटा पाचरीच्या आकारात कापून आडव्या बसवतात. त्यांचा भार बाहेरच्या कड्यावरच राहावा आणि आतल्या कड्यावर त्या नुसत्या झुकाव्यात.

हवेची वाट नसेल तर लाकूड जळण्याऐवजी धुमसते. बाहेरच्या कड्याच्या सर्वांत खालच्या थरात चार दिशांना एकेक अद्धा गाळावा आणि त्याच्या समोर आतल्या कड्यात तीन-चार सेंटिमीटरची फट ठेवावी. त्यामुळे एखादी फायर ब्रिक कमीच लागते. बाहेरची हवा या भोकांतून निखाऱ्यांखाली येते. पावसाळ्यात तळाशी साठू पाहणारे पाणीही याच भोकांतून निघून जाते.

बांधून झाल्यावर बाहेरच्या सिमेंटच्या कामावर सात दिवस पाणी मारावे आणि पुढे तीन आठवडे आगटी नुसती सुकू द्यावी. आतल्या कड्यावर पाणी मारायचे नाही. पहिला विस्तव मूठभर काटक्यांचा, दुसरा त्याहून थोडा मोठा, तिसरा अर्ध्या आगटीचा; प्रत्येक वेळी आगटी पूर्ण निवू द्यावी. आत उरलेले पाणी अशाने हळूहळू बाहेर पडते. हौसेने पहिल्याच रात्री मोठा जाळ केला, तर महिनाभराचे काम तासाभरात तडकते. दर पावसाळ्यानंतरही हाच क्रम पुन्हा पाळावा.

जळणाबद्दल थोडक्यात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते आधी उकळून गेल्याशिवाय लाकूड नीट पेटत नाही आणि धूर होतो. फोडून, आडोशाला रचून, एक उन्हाळा वाळवलेले लाकूडच वापरावे. बाभळीचे निखारे दाट आणि टिकाऊ असतात, आंब्याचे लाकूड सौम्य जळते, गोवऱ्यांचा आर सर्वांत संथ. कण्हेरीचे लाकूड विषारी असल्याने आणि बिब्ब्याचा धूर अंगावर उठत असल्याने ती दोन्ही वर्ज्य. प्लायवूड, रंगवलेली फळी, प्लॅस्टिक आणि कचरा आगटीत जाता कामा नये. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंदीही आहे. पेट्रोल किंवा रॉकेल ओतून पेटवणे म्हणजे भडक्याला आमंत्रण. हिवाळ्याच्या निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड असल्याने धूर वर न जाता खाली पसरतो. दाट वस्तीत दमेकरी आणि लहान मुले त्यात सापडतात. तिथे शेजाऱ्यांना आणि सोसायटीला विचारल्याशिवाय आगटी बांधू नये, आणि हवा कोंदट असेल त्या रात्री पेटवू नये.

विस्तव पाण्याने विझवण्याची सवय आगटीला सर्वांत घातक आहे. तापलेल्या विटेवर गार पाणी पडले की तिचा वरचा थर एकदम आकसतो आणि पापुद्रा सुटतो. निखारे पसरून त्यांवर वाळू किंवा माती ओढावी. त्यासाठी वाळूची बादली कायम जवळ हवी. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशी सकाळीही जिवंत असू शकतो, म्हणून राख लोखंडी घमेल्यातच काढावी. लाकडाची शुद्ध राख बागेत थोडी-थोडी टाकायला हरकत नाही. मेच्या अखेरीस आगटी झाडून स्वच्छ करावी आणि तिच्यावर मध्ये उंच, कडांना उतार असलेले पत्र्याचे झाकण ठेवावे. ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. तिच्याखाली ओल कोंडून राहते.

दिवाळीच्या सुमारास झाकण काढले की आतल्या दरजा आणि विटा पाहून घ्याव्यात. पडलेली दरज फायर क्लेने पुन्हा भरता येते. आतले कडे स्वतंत्र असल्यामुळे फुटलेली वीट तेवढीच काढून नवी बसवता येते. बाहेरच्या कड्याला हात लावावा लागत नाही. बांधकामाच्या वेळीच चार फायर ब्रिक जास्तीच्या आणून कोरड्या जागी ठेवाव्यात, कारण पाच-सात वर्षांनी त्याच मापाची वीट मिळेलच असे नाही.